पेनाने लिहिणं संपलंय म्हणे?

बोरू७१: काल इथे एकाने लिहिलं, 'पेनवाले कॉम्प्युटर म्हणजे फसलेला नाद, १९९३ चा ॲपलचा न्यूटन आपटला तिथेच विषय संपला, गपचूप टाइप करा.' डोकं सणकलं वाचून. न्यूटन आपटला कारण सुरुवातीला तो अख्खा शब्द बघून डिक्शनरीतला जवळचा शब्द चिकटवायचा. नंतर सुटी अक्षरं ओळखणारं नवं सॉफ्टवेअर आलं ते चांगलं होतं, पण तोवर बदनामी झालेली. १९९८ ला बंदच केला.

टंकवीर: मीच लिहिलं ते, आणि अजून तेच म्हणतो. १९९६ चा पाम कंपनीचा पायलट, तोही खिशातला पेनवाला कॉम्प्युटरच, तो का चालला? ग्राफिटी नावाच्या त्याच्या सोप्या अक्षरांमुळे. एक अक्षर एका फटक्यात, इंग्रजी ए ला मधली आडवी दांडीच नाही. म्हणजे मशीनला जमेना म्हणून माणसाने अक्षरं बदलायची. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्ड, शिका ना.

बोरू७१: माझी आई ७४ वर्षांची, सातवी शिकलेली. तिला कीबोर्डवर ज्ञ सापडायचा नाही, रडकुंडीला यायची. आता मोबाईलवर गूगलच्या जीबोर्डमध्ये बोटाने लिहून नातवाला रोज मेसेज करते. तिला शिकवा इनस्क्रिप्ट!

सहीवाला: बोटाने लिहायचं कौतुक नको. कुरिअरवाल्याच्या मोबाईलवर बोटाने केलेली सही माझी मलाच ओळखू येत नाही.

शाईदौत: बोटाचा ठसा जाड पडतो म्हणून. वॅकॉम कंपनीचं पेन आणि त्याची पाटी वापरा. पाटीखालच्या तारांच्या जाळीतूनच पेनातल्या गुंडाळीला वीज मिळते, सेल लागत नाही, नोक किती दाबली तेही कळतं. आणि बोरू, आईंना सांगा शिरोरेघ मारायची, नाहीतर भ चा म होतो.

बोरू७१: मारते की, शब्द झाल्यावर शेवटी.

टंकवीर: तिथेच घोळ. स्कॅन केलेल्या कागदात नुसतं चित्र असतं, इथे पेन टेकल्यापासून उचलेपर्यंतचा प्रत्येक बिंदू क्रमाने जातो. शेवटी आलेली रेघ कुठल्या अक्षराची हे मशीनने कसं ठरवायचं? 'कि' ची वेलांटी कुणी आधी काढतं कुणी नंतर, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या क्रमात, मात्र ती कायम क च्या नंतरच.

शाईदौत: रेघ आधी मारावी. मोडीत आधी पानभर रेघ आखायचे आणि मग तिला अक्षरं लटकवायचे.

सहीवाला: मोडी कोण लिहितंय आता? बाईंनी आम्हाला रेघ शेवटीच शिकवली, आधी मारली तर हातावर पट्टी बसायची.

शाईदौत: तुमच्या बाई चुकल्या.

सहीवाला: बाईंवर जाऊ नका, सांगून ठेवतो!

बोरू७१: अहो भांडू नका, आईची रेघ शेवटीच असते तरी मशीनला बरोबर कळतं. सगळ्या रेघा एकत्र बघून ठरवतं ते आता.

टंकवीर: ठीक आहे, चार ओळींच्या मेसेजला चालतं, मानलं. माझा वीस पानी अहवाल मात्र मी टाइपच करणार. आणि आईंना ज्ञ साठी ज, हलन्त (पाय मोडायची खूण), ञ एवढं एकदा दाखवा तरी.