प्रतिसाद: फेन्समधील सपाटीविषयी

फेन्स हा पूर्व इंग्लंडमधील, एकेकाळी दलदलीचा असलेला प्रदेश सपाट असल्यामुळे नॅरोबोटीतून (कालव्यांतून व नद्यांतून फिरण्याच्या लांब, अरुंद बोटीतून) तेथे पाहण्यासारखे काही नाही, हे मत मला पटत नाही. सतराव्या शतकात डच अभियंता कॉर्नेलियस व्हरमायडेन यांच्या योजनेनुसार दलदलीचा निचरा झाला आणि पाणी गेल्यावर पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन आकसून इतकी खचली की, आज कित्येक ठिकाणी नदीच शेतांपेक्षा उंचावरून वाहते. गेल्या जुलैत ग्रेट ऊझ नदीतून लिटलपोर्टहून इलीकडे सावकाश जाताना, ज्याला ‘फेन्सचे जहाज’ म्हणतात ते इलीचे कॅथेड्रल (भव्य चर्च) क्षितिजावर हळूहळू मोठे होताना आम्ही पाहिले. डोंगर नसल्यामुळेच ते इतक्या दुरून दिसते, आणि तासाला पाच-सहा किलोमीटरच्या वेगामुळे ते डोळे भरून पाहता येते.