शब्दचर्चा : चेंबर म्युझिकला मराठीत काय म्हणायचं?

डोंबिवलीकर :

प्रश्न छोटा आहे, पण आधी तो का पडला ते सांगतो. आमच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा-सात जण जमतो आणि पाश्चात्त्य संगीताची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतो. गेल्या महिन्यात चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवलेल्या संगीताची पाळी होती, म्हणून मी फलकावर लिहिलं, 'रविवार, सायं. ६ वा., चेंबर म्युझिक'. दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलेलं, 'बी विंगचं चेंबरही तुंबलंय, तेही बघा.' संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन, रविवारी सफाईवाला बोलावलाय का, तो जादा पैसे मागेल.

तेव्हापासून मराठी शब्द शोधतोय. आमच्यातल्या एकाने 'कक्षसंगीत' सुचवला. मला कक्ष म्हटलं की आधी 'अतिदक्षता' आठवतं. 'दालनसंगीत' म्हणजे साड्यांचं दुकान. 'खोलीसंगीत' तर बोलूच नका. काही सुचतंय का?

नाक्यावरचा शब्दकोश :

तुमच्या सेक्रेटरींची फार चूक नाही. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. इंग्रजांचा चेंबर तिथूनच आला, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर उतरलेला कमराही तिथलाच, आणि फोटो काढायचा कॅमेरा म्हणजे मूळच्या 'अंधाऱ्या खोली'तला अंधार गळून उरलेली नुसती खोली. ड्रेनेजचं चेंबर, वकिलाचं चेंबर आणि मोझार्टचं चेंबर ही एकाच घरातली भावंडं आहेत. एक गटारात गेलं, त्याला कोण काय करणार.

इटलीत सतराव्या शतकात संगीताची विभागणी जागेवरून होत असे. चर्चमधलं वेगळं, नाट्यगृहातलं वेगळं आणि 'दा कामेरा' म्हणजे सरदार-दरकदारांच्या घरातलं वेगळं. तेव्हा चेंबर म्युझिक हे नाव वाद्यांच्या संख्येवरून पडलेलं नाही, जागेवरून पडलं आहे. ऑर्केस्ट्राचंही तेच. ग्रीक नाटकात 'ऑर्खेस्ट्रा' म्हणजे रंगमंचापुढची नाचायची मोकळी जागा, धातू 'नाचणे' या अर्थाचा. पुढे त्या जागी वादक बसू लागले आणि जागेचं नाव माणसांना चिकटलं.

जाता जाता : नाट्यशास्त्रात वादकांच्या समूहाला 'कुतप' म्हटलंय. तंतुवाद्यांचा तो ततकुतप, चर्मवाद्यांचा अवनद्धकुतप. हा शब्द आज फलकावर लिहिलात तर लोक श्राद्धाची वेळ समजतील.

फडावरचा :

वरच्या प्रतिसादातच उत्तर आहे की! जागेवरून नाव पाडायची पद्धत आपल्याकडे परक्या कुणी शिकवायला नको. लावणीचे प्रकार आठवा : बैठकीची लावणी आणि फडाची लावणी.

फडाची म्हणजे उघड्यावर, ढोलकीच्या कडकडाटात, शेवटच्या रांगेतल्या फेटेवाल्यापर्यंत पोहोचायला हवी अशी. बैठकीची म्हणजे दिवाणखान्यात, गाणारीने बसून, तबला-पेटीवर, समोर मोजके जाणकार. अदा डोळ्यांच्या कोपऱ्यातली, कारण बघणारा पाच हातांवर आहे. तिथे एकच ओळ दहा तऱ्हांनी मांडता येते. फडावर तसं केलं तर लोक उठून जातील.

आणि 'फड' या शब्दाचा प्रवास बघा. कुस्तीचा फड, उसाचा फड ही जागा. तमाशाचा फड म्हटलं की तीच जागा कलावंतांचा संच झाली. 'फड बारीला लागला', 'फड फुटला' यात मैदान नाही, माणसं आहेत. ऑर्खेस्ट्रा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने आमचा फड गेला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामवंत ऑर्केस्ट्राला 'व्हिएन्नाचा फड' म्हणा असा माझा आग्रह नाही, पण म्हटलं तर शब्दाच्या बाजूने काही चुकत नाही.

तेव्हा डोंबिवलीकर, बिनधास्त लिहा : बैठकीचं संगीत.

डोंबिवलीकर :

आहाहा. हे आवडलं. 'वाद्यवृंद' हा शब्द ऑर्केस्ट्रासाठी रूढ आहेच. आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीत रविशंकरांच्या हाताखाली जो संच उभा केला त्याचं नावच वाद्यवृंद. ऑर्केस्ट्रा हा शब्द मात्र आपल्याकडे कामातून गेला. आधी गणपतीत हिंदी गाण्यांचा कार्यक्रम करणारे झाले ऑर्केस्ट्रा, मग हायवेवरचे बार. त्यामुळे फड नको, वृंद राहू दे. बैठक मात्र पक्की करावी म्हणतो.

मंद्र :

थांबा, इतक्यात पक्की करू नका.

जागेपुरती बैठक ठीक. पण आपल्या बैठकीत एक गाणारा असतो आणि बाकीचे साथीला. साथ कितीही तयारीची असो, शब्दच सांगतो की कुणाच्या तरी मागे जायचं आहे. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच : दोन व्हायोलिनं, एक व्हायोला (व्हायोलिनचंच जरा मोठं, खालच्या स्वरांचं भावंड), एक चेलो (त्याहून मोठा, खर्जातला). त्यांच्यासाठी लिहिलेली रचनाही क्वार्टेटच. यात साथीला कोण? कुणीच नाही. जर्मन कवी गटेने १८२९ साली संगीतकार मित्र झेल्टरला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की क्वार्टेट ऐकताना चार समंजस माणसं आपसांत बोलताहेत असं वाटतं. चौघांपैकी एक गप्प बसला तरी ते जाणवतं.

मोझार्टचं के. ४६५ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हे क्वार्टेट ऐका, १७८५ सालचं. मोझार्टने ज्येष्ठ संगीतकार हायडनला अर्पण केलेल्या सहांतलं हे शेवटचं. सुरुवातीची पंधरा-वीस सेकंदंच घ्या. चेलो एकटा, हलक्या हाताने एकच स्वर धडधडत ठेवतो, त्याला आपण षड्ज धरू. त्यावर व्हायोला येतो कोमल धैवतावर. मग दुसरं व्हायोलिन कोमल गंधारावर. इथपर्यंत कानाने एक उदास घर बांधलेलं असतं. तोच पहिलं व्हायोलिन वरून येतं ते शुद्ध धैवतावर! व्हायोलाचा कोमल धैवत कानातून विरतो न विरतो तोवर हा शुद्ध. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, रेकॉर्ड खराब आहे. पुढे फेतिस नावाच्या विद्वानाने या बारा-पंधरा क्षणांची चक्क 'दुरुस्ती' करून दाखवली होती, म्हणजे मी एकटा नाही.

आता यात एकानेही चूक केलेली नाही. प्रत्येकाची ओळ एकेकटी वाजवली तर सरळ आहे. ठिणगी पडते ती चौघं एकत्र आल्यावर. ही गोष्ट 'बैठक' या शब्दात येत नाही.

या रचनेला टोपणनाव 'डिसोनन्स'. विसंवाद म्हणायचा मोह होतो, पण मराठीत विसंवाद म्हणजे नवरा-बायकोचं न पटणं. आपल्या शास्त्रात वादी, संवादी, अनुवादीच्या जोडीला 'विवादी' आहे : रागात न बसणारा, पण जाणकार एखादा क्षण लावतो आणि रंग भरतो असा स्वर. 'विवादी क्वार्टेट' कसं वाटतं?

नाक्यावरचा शब्दकोश :

विवादी उत्तम! क्वार्टेटला मात्र मराठी शोधू नका. चौकडी म्हटलं की आधी 'चांडाळ' लागतो, आणि चौघडा देवळाच्या नगारखान्यात वाजतो. चतुष्टय म्हणणाऱ्याला सोसायटीत कुणी चहा देणार नाही.

न्यू जर्सीत मुक्काम :

मी हौसेने व्हायोला वाजवते. मंद्र यांचा आक्षेप बरोबर, पण निष्कर्ष उलटा निघतो असं वाटतं.

हायडनचे पहिले क्वार्टेट कसे झाले ते बघा. बॅरन फ्यूर्नबर्ग नावाचा जमीनदार, ऑस्ट्रियात वाइनझिर्लला त्याची गढी. त्याला संगीताची हौस. हाताशी माणसं कोण? त्याचा उपाध्याय, त्याचा कारभारी, एक चेलो वाजवणारा आणि विशी-पंचविशीतला हायडन. या चौघांना वाजवता येईल असं काही लिही, म्हणाला. ही हकिकत हायडनच्याच तोंडून त्याच्या चरित्रकाराने ऐकलेली. म्हणजे मुळात श्रोते जवळजवळ नव्हतेच. वाजवणारे एकमेकांसाठी वाजवत होते. तिकीट काढून क्वार्टेट ऐकायची चाल नंतरची.

अजूनही इथे तेच चालतं. दर शुक्रवारी आम्ही चौघं एकाच्या बेसमेंटमध्ये जमतो, वाद्यं मिळवतो, आणि जेवण होईपर्यंत वाजवतो. ऐकायला एक कुत्रा. माझ्या वाट्याला बहुतेक वेळ मधले स्वर येतात, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण मी एकदा अर्धी मात्रा उशिरा आले तर तिघांच्या भुवया वर जातात. याला बैठक नाही म्हणायचं तर कशाला? बैठकीत बसणं महत्त्वाचं. कोण पुढे, कोण मागे हा आपल्या गायकीचा नियम आहे, बैठक या शब्दाचा नव्हे. पत्त्यांची पण बैठक असते, तिथे कोण कुणाला साथ करतं?

मंद्र :

पत्त्यांवर मी हरलो.

म्हापशाची :

गोव्याकडून दोन शब्द. आमच्याकडे व्हायोलिनला जुने लोक 'रेबेक' म्हणत, पोर्तुगीज 'रबेका'वरून. चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गायचं शिक्षण मिळे. तीच पोरं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट घेऊन बसली. दिवसा सिनेमात वृंद, रात्री खोलीवर हायडन, असं जगलेले वादक आमच्या नात्यात आहेत. त्यांच्या बोलण्यात 'चेंबर' हा शब्द मी कधी ऐकला नाही. 'आज क्वार्टेट आसा,' एवढंच.

नवीन सभासद :

मध्येच विचारतो, राग मानू नका. सिम्फनीचे चार 'मूव्हमेंट' याचं भाषांतर एका लेखात 'चार चळवळी' असं वाचलं. बरोबर आहे का?

डोंबिवलीकर :

पाचव्या सिम्फनीत चार चळवळी म्हणजे बेथोव्हनला तडीपारीची नोटीस. साधं 'भाग' म्हणा. इटालियन 'मोविमेंतो'त लय, गती हाच अर्थ आहे आणि भागांना नावंही लयीवरूनच पडतात. काही जण 'चलन' म्हणतात, पण आपल्याकडे रागाचं चलन ही वेगळी चीज आहे, तिच्यात ढवळाढवळ नको.

तसंच 'कंडक्टर'. संचालक लिहितात, पण संचालक सहकारी बँकेचाही असतो. मी कंडक्टरच लिहितो, एसटीचा समजला तरी चालेल. दोघांचं काम घंटी मारून सगळ्यांना एका वेळी हलवायचं. ही थट्टा नाही. बेथोव्हनच्या पाचव्याची सुरुवात ज्या प्रसिद्ध चार ठोक्यांनी होते त्यांच्या आधी अर्ध्या मात्रेची रिकामी जागा लिहिलेली आहे. ती शांतता साठ-सत्तर जणांना एकाच क्षणी दाखवायची. कार्लोस क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९७४ चं मुद्रण ऐका. ती न वाजलेली अर्धी मात्रा वाजल्यासारखी वाटते. क्वार्टेटमध्ये हेच काम नुसत्या श्वासाने होतं. जवळून केलेल्या मुद्रणांत पहिल्या व्हायोलिनवाल्याचा नाकाने घेतलेला श्वास चक्क ऐकू येतो.

यमनप्रेमी :

बेथोव्हनच्या ओपस १३२ या क्वार्टेटमध्ये यमन आहे असं ऐकलं. खरं?

मंद्र :

स्वर यमनचे, राग यमन नाही. १८२५ मध्ये बेथोव्हन पोटाच्या दुखण्यातून उठला आणि या क्वार्टेटचा तिसरा भाग त्याने बरा झालेल्या माणसाने देवाचे मानलेले आभार म्हणून लिहिला, 'लिडियन' स्वरसप्तकात. लिडियन म्हणजे तीव्र मध्यमाचं सप्तक, आपला कल्याण थाट. पण चौघंही एकेका स्वरावर संथपणे एकत्र थांबत पुढे सरकतात. मींड नाही, नी-रे-ग ची वळणं नाहीत. यमन शोधायला बसलात तर हिरमुसाल. देवळात काकडआरती संपल्यावर जी शांतता असते तिच्या जवळचं काहीतरी आहे, एवढं म्हणेन.

बुश क्वार्टेट या चौघा वादकांच्या संचाचं १९३० च्या दशकातलं मुद्रण मिळालं तर बघा. तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. पंधरा मिनिटांच्या वर जाणारा हा भाग ऐकताना माणसं मध्ये उठून तबकडी उलटी करत होती. तरी धागा तुटत नाही. त्यातला पहिला व्हायोलिनवाला अडॉल्फ बुश स्वतः ज्यू नव्हता, पण १९३३ मध्ये नाझींच्या कारभाराला कंटाळून त्याने जर्मनीत वाजवणं बंद केलं.

न्यू जर्सीत मुक्काम :

मुंबईकरांसाठी एक भर. शूबर्टचा 'ट्राउट' पंचक, १८१९ चा. पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि चक्क डबल बास. १९६९ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये तो वाजवला गेला, त्याची फिल्म आहे. बॅरनबॉइम, पर्लमन, झुकरमन, जॅकलिन द्यू प्रे आणि डबल बासवर आपले झुबिन मेहता. मोठमोठे वृंद हाताखाली असणारा माणूस मागे उभा राहून मुकाट्याने बास ओढतोय आणि मजेत हसतोय. फडावरचा पाटील बैठकीत येऊन सतरंजीवर बसला, असं म्हणा हवं तर.

फडावरचा :

म्हणतोच!

डोंबिवलीकर :

मंडळी, आभार. फलकावरचा मजकूर असा केलाय :

'रविवार, सायं. ६ वा., सी विंग, खोली क्र. ४. वाद्यांची बैठक. मोझार्टचा विवादी क्वार्टेट. नंतर शूबर्टचा दोन चेलोंचा पंचक, चेलोवादक काझाल्स आणि मंडळी, प्राद (फ्रान्स), १९५२. चटई आपापली आणावी.'

सेक्रेटरींनी वाचलं. बैठक म्हटल्यावर विचारताहेत, विषयपत्रिका कुठाय आणि गणपूर्ती किती?

नाक्यावरचा शब्दकोश :

विषयपत्रिकेत शूबर्ट. गणपूर्ती पाच, त्यात दोन चेलो.