परतीच्या तारखेचा धाक

वाचनाची सवय लागावी म्हणून रोज पन्नास पाने वाचण्याचा जो संकल्प सुचवला जातो, तो शिस्तीच्या माणसाला साधेलही. माझा मात्र चौथ्याच दिवशी बारगळला, कारण दिवसभर दुकान सांभाळून रात्री पानांचा हिशेब ठेवणे म्हणजे आणखी एक उधारीची वहीच झाली. माझे वाचन मार्गी लागले ते बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचा (हे 1848 पासूनचे) सभासद झाल्यावर. विकत घेतलेले पुस्तक कपाटात वर्षानुवर्षे थांबते, आणलेले परत करावे लागते. खानापूरहून बेळगावला माल आणायला निघताना पिशवीत आधी पुस्तक जाते आणि राहिलेली वीस-पंचवीस पाने बहुधा बसमध्येच, बेळगावच्या अलीकडची पिरनवाडी येईपर्यंत, संपतात. न रुचलेले पुस्तक मी बिनदिक्कत अर्धवट परत करतो.