हस्तिदंती रिव्हॉल्वर ग्रिप्स विकायच्यात (टेक्सास), मदत हवी

सॅन_अँटोनिओकर:
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे आजोबा मार्चमध्ये गेले, आता आजींना घराचं छप्पर करायचंय म्हणून त्यांनी आजोबांच्या वस्तू विकायला माझी मदत मागितलीय. त्यात एक उबेर्टी रिव्हॉल्वर आहे, म्हणजे १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची इटालियन नक्कल, आणि तिला खऱ्या हस्तिदंताच्या ग्रिप्स (मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या) आहेत, एका बाजूला बैलाचं डोकं कोरलंय, डोळ्यांत लाल खडे, इतकं बारीक काम आहे की हातातून ठेववत नाही. शिवाय सिगारच्या डब्यात एक सुटी जोडी सापडली, तिच्यावर साप धरलेला मेक्सिकन गरुड. मोबाईलवर शोधलं तर ओक्लाहोमातला एक जण लगेच घ्यायला तयार झाला, पण म्हणतो पार्सलवर 'हाड' लिहून पाठवा. हे मला खटकलं. आजींना नंतर त्रास व्हायला नको. काय करू?

डेन्व्हरचा_नेमबाज:
त्या माणसाला आजच नाही म्हणून टाका, खोटं लेबल लावलं की अडकणार तुम्ही आणि आजी, तो नाही. मी इथे काउबॉय शूटिंगला (जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी नेमबाजीचा खेळ) जातो, जुन्या मुठींची हौस असलेले लोक खूप भेटतात म्हणून थोडं माहितीये. आफ्रिकन हस्तिदंताचा नियम ६ जुलै २०१६ पासून कडक झाला, राज्याबाहेर विक्री जवळपास बंद. दोन वाटा उरतात, एक म्हणजे वस्तू १०० वर्षांहून जुनी असली आणि बाकीच्या अटीही बसल्या तर, आणि दुसरी म्हणजे मोठ्या वस्तूचा भाग म्हणून २०० ग्रॅमपेक्षा कमी हस्तिदंत असेल तर. मूठ बसवलेली बंदूक या दुसऱ्या वाटेत येऊ शकते. सुटी जोडी येत नाही कारण ती अख्खीच हस्तिदंत आहे. ईबे वगैरे विसरा, तिथे २००९ पासून हस्तिदंत बंदच आहे.

जुनी_हत्यारं:
वरचं बरोबर आहे पण एक अट राहिली आणि ती इथे नेमकी आड येते. त्या २०० ग्रॅमच्या सवलतीत हस्तिदंत हा किमतीचा मुख्य भाग असून चालत नाही. मूळ जुन्या कोल्टला बसवलेल्या मुठी असत्या तर किंमत बंदुकीची धरली असती, पण उबेर्टी ही आजच्या काळातली नक्कल, तिच्यापेक्षा ते कोरीवकामच महाग निघण्याची शक्यता जास्त. म्हणून माझं मत, दोन्ही टेक्सासच्या आतच विका, समोरासमोर. तिथे राज्याचा वेगळा बंदी कायदा नाही, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सीत आहे. पण हस्तिदंत १८ जानेवारी १९९० च्या आधी कायदेशीरपणे देशात आल्याचं दाखवता आलं पाहिजे, म्हणून आजोबांची जुनी बिलं, पत्रं, फोटो काहीही असेल ते शोधा. आणि हस्तिदंत आशियाई हत्तीचं निघालं तर नियम आणखी कडक आहेत, तेव्हा विकण्याआधी फिश अँड वाइल्डलाइफच्या (केंद्र सरकारचं वन्यजीव खातं) ऑफिसात विचारून घ्या.

आणि ते खरंच हस्तिदंत आहे का ते आधी बघा. मुठीच्या खालच्या कडेला, जिथे दात आडवा कापलेला दिसतो, तिथे भिंग लावा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, त्यातही कोन रुंद असेल तर हत्तीचा, अरुंद असेल तर मॅमथचा. बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. गरम सुई टोचून बघू नका, लोक सांगतात, पण कायमचा डाग पडतो. स्क्रूही फार आवळू नका, तिथूनच चीर जाते, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात ठेवू नका.

कोल्हापूरकरीण:
एक सांगते, इकडे कुणी नातेवाईक म्हणाला की मला पाठव, तर नको. भारतात १९८६ ला आपल्या हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ ला आफ्रिकेतून आणलेल्याचाही. आमच्या माहेरी पणजोबांची हस्तिदंती मुठीची कट्यार आहे, तिचं वनखात्याचं मालकीचं सर्टिफिकेट आहे, वारसाने पुढे जाते पण विकता येत नाही. मला तर हे योग्यच वाटतं. ती मूठ हातात घेतली की कारागिराचं कौतुक वाटतं आणि त्या हत्तीचं वाईटही वाटतं.

सॅन_अँटोनिओकर:
सगळ्यांचे खूप आभार. काल भिंगातून बघितलं, दोन्ही जोड्यांवर जाळी आहे, कोन रुंद. आणि सिगारच्या डब्याच्या तळाशी कागदाखाली १९८१ चं हाताने लिहिलेलं बिल सापडलं, बैलाच्या जोडीचं, आजोबांच्या नावावर. गरुडाच्या जोडीचं काहीच नाही. ओक्लाहोमावाल्याला नाही कळवलंय. आजींना सगळं समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या गरुड विकायचा नाही, डब्यातच राहू दे. उबेर्टीसाठी सोमवारी फिश अँड वाइल्डलाइफला फोन करतोय, बिलाचे फोटो काढून ठेवलेत.