बाबांचं एक पाऊल चालताना आपटतं, हा नुसता अशक्तपणा आहे का?

प्रश्न:
बाबा ६८ वर्षांचे. आजारपणात महिनाभर अंथरुणाला खिळले होते, वजन फार उतरलं. आता चालायला लागलेत, पण उजवा गुडघा खूप वर उचलतात आणि पाऊल 'फट्' करून आपटतं. दुसऱ्या खोलीतूनही कळतं, बाबा उठले. चप्पल निसटली तरी त्यांना दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं. दुखत काहीच नाही. सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे, जाईल. पण अशक्तपणा एकाच पायाला कसा?

उत्तर १:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, तुमची शंका रास्त आहे. अशक्तपणा पाय निवडत नाही. याला आम्ही फूट ड्रॉप म्हणतो. चवडा वर उचलला जात नाही, बोटं जमिनीला घासतात, म्हणून माणूस नकळत गुडघाच उंच घेतो.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागेल. पेरोनियल नस त्याला वळसा घालून जाते, अगदी कातडीखालून. वजन उतरलं की तिथली चरबीची गादी जाते आणि पडून पडून नस दाबली जाते. पण कमरेच्या मणक्यात एल ५ची नस (कमरेच्या पाचव्या मणक्यापासून पायात उतरणारी) दबली तरी पाऊल असंच पडतं, आणि तेव्हा कंबर दुखेलच असं नाही.

बाबांना खुर्चीत बसवा. टाच टेकवून चवडा वर उचलता येतो का? पाऊल आतल्या बाजूला जोराने वळवता येतं का? दोन्ही पाय ताडून बघा.

उत्तर २:
माझ्या आईची चाल वेगळी होती. डाव्या पायावर भार आला की उजवी कंबर खाली जायची. डाव्या खुब्याचा स्नायू कमजोर निघाला. काठी आम्ही डाव्याच हातात दिली होती, ती उजव्या हातात हवी होती. हात बदलला त्याच दिवशी तिचं झुकणं कमी झालं.

प्रश्नकर्ती:
करून बघितलं. पाऊल आत व्यवस्थित वळतं. चवडा मात्र हलला नाही. बाबांनी इतका जोर लावला की हाताच्या मुठी वळल्या, आणि पायाचा अंगठा तसाच. मला बघवेना.

उत्तर १:
एल ५ दबली असती तर आत वळवणंही सहसा कमजोर झालं असतं. आत वळतंय म्हणजे गुडघ्याजवळच्या नसेचा संशय वाढतो, तरी घरी ठरवू नका. याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवा, ते बहुधा एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) तपासणी सांगतील. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत सुधारू शकते. तिचे तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे महिने लागतात. तोवर पाऊल सावरणारा एएफओ स्प्लिंट मिळतो, तो घालायला लाजू देऊ नका. पडणं फार महागात जातं. पायावर पाय टाकून बसणं आजपासून बंद. चपलेऐवजी टाचेला धरून राहणारे बूट द्या. पावलाच्या वरच्या भागाला स्पर्श कळत नसेल तर जखमा रोज तपासा.

दुसरा पायही लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.