प्रतिसाद: उजेड टाकून मधुमेहाचा जुना हिशोब
एचबीए१सी ही रक्ततपासणी असताना हातावर उजेड टाकून त्वचेची चमक मोजायची कशाला, असा प्रश्न वर आलाय. एचबीए१सी गेल्या २-३ महिन्यांचीच साखर सांगतं. त्वचेतलं कोलॅजन हे प्रथिन वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून त्यावर साखर चिकटून तयार झालेले एजीई नावाचे पदार्थ जुना हिशोब धरून ठेवतात. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला ३७० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड पडला की त्यातले काही चमकतात आणि यंत्र ती चमक आकड्यात मोजतं. तीळ, व्रण, ठळक शीर टाळा. क्रीम, सनस्क्रीन त्या दिवशी नकोच. खरी गोची गडद कातडीची: मेलॅनिन उजेड गिळतं, त्वचेवरून परत येणारा उजेड (परावर्तन) ६ टक्क्यांखाली गेला तर आकडा धरू नये. आपल्याकडे हे आधी बघायला हवं. सिगारेटने, किडनीच्या आजारानेही आकडा चढतो. आणि पायाची बधिरता यातून कळत नाही. तिथे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंटच, म्हणजे तेवढ्या जोराला वाकणारा नायलॉनचा दोरा, तळव्यावर वाकेपर्यंत टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचं.