बीपीची गोळी, पित्ताची कॅप्सूल आणि ताठरता: बदलायचं काय?

सातपूर_शिफ्ट: वय ४७. बीपीसाठी अटेनोलॉल ५० + क्लोरथॅलिडोन १२.५ एकाच गोळीत, रोज सकाळी. पित्तासाठी रॅबेप्राझोल २० + लेव्होसल्पिराइड ७५ची कॅप्सूल. साखर नॉर्मल. चार महिने झाले, ताठरता टिकत नाही, इच्छाही आटलीय. बीपीची गोळी महिनाभर बंद ठेवून बघू का? मेडिकलच्या काउंटरवर मागे चार माणसं उभी असतात, तिथे काय विचारणार!

चिठ्ठीवाचक: मनाने बंद करू नका. अटेनोलॉल एकदम सोडलं की धडधड सुरू होते, बीपी उसळतं आणि हृदयविकार लपलेला असेल तर अ‍ॅटॅकही येऊ शकतो. सोडायचंच ठरलं तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात.
संशय मात्र बरोबर आहे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही जुनी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) आणि लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन, दोन्हींची ही तक्रार जुनीच. टेल्मिसार्टन, लोसार्टन, अम्लोडिपिनला ती सहसा नसते. ठोक्यांसाठी किंवा अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) बीटा ब्लॉकर लागतच असेल तर नेबिवोलॉलबद्दल विचारा. ते रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे हा त्रास कमी.

गोळेकॉलनीकर: सगळे बीपीच्या गोळीमागे, आणि पित्ताची कॅप्सूल नामानिराळी! लेव्होसल्पिराइडने प्रोलॅक्टिन (बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन, पुरुषांतही थोडं असतं) वाढतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली येतं. नुसती ताठरता गेली असती तर बीपीच्या गोळीवर बोट ठेवलं असतं; इच्छाही गेली म्हणताय, तर ही कॅप्सूल आधी बघा. छाती दुखरी झाली किंवा फुगली असेल तर संशय आणखी पक्का. हे औषध थोड्या दिवसांपुरतं असतं, पण जुनी पट्टी दाखवून लोक वर्षभर घेत राहतात. ‘डीएसआर’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन असतं, तेही प्रोलॅक्टिन वाढवतं. पित्तच असेल तर साधं रॅबेप्राझोल पुरेल का, हे डॉक्टरांना विचारा. रक्तातलं प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्या.

सातपूर_शिफ्ट: छाती थोडी दुखरी आहे खरी. या आठवड्यात रात्रपाळी आहे, रक्त कधी देऊ?

गोळेकॉलनीकर: टेस्टोस्टेरॉनची सकाळची वेळ रात्री झोपणाऱ्यांसाठी. पाळी संपवून थेट लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येईल. दिवसपाळीच्या आठवड्यात, उठल्यावर दोनेक तासांनी, उपाशीपोटी द्या. जिना धावत चढू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा. दमल्याने, घाबरल्यानेही प्रोलॅक्टिन चढतं. सोबत टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी).

चिठ्ठीवाचक: लिपिड टाळू नका. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून चरबीचा अडथळा कधी कधी तिथे आधी जाणवतो. पहाटेची ताठरता अजून येते का, तेही डॉक्टरांना सांगा. येत असेल तर नसा-रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत.
तोंडाने बोलायला जड जातं तर कागदावर तारखा लिहून द्या: प्रत्येक औषध कधी सुरू झालं, तक्रार कधी.

पंचवटी_०७: तोवर सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) चालेल का, हा प्रश्न येणारच. छातीत दुखण्यावरची जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा तिच्या जातीचं कुठलंही नायट्रेट चालू असेल तर मुळीच नाही, बीपी जीवघेणं कोसळतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून २५ मिग्रॅपासून सुरुवात करावी. ‘शक्तिवर्धक’ चूर्णांत सिल्डेनाफिलच गुपचूप घातलेलं सापडलंय, त्यामुळे ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून नायट्रेटवाल्यांनी तेही घेऊ नये.